सगळे किंवा कोणीच नाही

हरिश्चंद्रला सैनिकांनी नेलं ते अँथनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कुवेतहून जीव वाचवून तो वसईत परतला, दोन दिवस मर्देस गावात आपल्या घरी झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी सायकल काढून हरिश्चंद्रच्या बायकोकडे, प्रेमलताकडे, आला. पडवीत बसला आणि काही न लपवता सांगून टाकलं.

"हरीच्या दुकानासमोरच्या बेकरीत मी भट्टी लावत होतो, वहिनी. इराकची फौज शहरात शिरल्यावर हरीचा शेठ घरच्यांना घेऊन सौदीला गेला. पण मोठा पोरगा, फहद, तो मागे राहिला लढायला. त्याला हरीने दुकानाच्या माळ्यावर लपवलेलं. मी हरीला सांगायला गेलो, उद्या बस सुटतेय, चल, जॉर्डनपर्यंत पोचलो की आपलं सरकार विमानाने नेतंय. तर म्हणाला, तू हो पुढे, या पोराची सोय लावतो नि येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझी बस सुटायच्या आतच, फौजेची गाडी आली. दोघांना बाहेर काढलं. हरीच्या खिशात पक्कड होती, तशीच."

"मारलं का त्याला?" हरिश्चंद्रच्या आईने, मनोरमाने, विचारलं.

"नाय आये. ढकललं फक्त. आपल्या पायाने चालत गाडीत चढला."

आपल्या पायाने चालत गेला, हे एवढंच त्या घराला मिळालं आणि पुढची कित्येक वर्षं ते त्यावर जगलं.

नालासोपाऱ्याहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेने मोगरा. हरिश्चंद्र वायरमनचं काम शिकून कुवेतला गेला तेव्हा वाडी धाकट्या भावाने, जितेंद्रने, अंगावर घेतली होती. तो पाणी लावी, पानं खुडून बाजारात पाठवी. प्रेमलता आणि मनोरमा पहाटे मोगरा काढत. मुलगा विपुल शाळेत जायला लागला होता, मुलगी रिद्धी अजून पाळण्यात होती. जितेंद्र अजून बिनलग्नाचा होता. भाऊ येऊ दे, मग बघू, म्हणायचा.

युद्ध संपलं. इराक हरला. दूरदर्शनवर सुटलेले कैदी बसमधून हात हलवताना दिसायचे तेव्हा सगळं घर पडद्याला नाक लावून बसे. बस संपत. हरिश्चंद्र त्यांत नसे. पुढे कळलं की शेकडो माणसं सापडत नाहीत आणि त्यांचा शोध लावायला जिंकलेल्या देशांनी एक समिती केली आहे. तिच्या बैठका जीनिव्हाला होतात. हरलेला देशही समोर बसतो आणि दर वेळी सांगतो, आमच्याकडे कोणीही नाही.

प्रेमलता आणि जितेंद्र दिल्लीला जाऊन आले. तिथल्या साहेबाने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ती बैठक लढलेल्यांची आहे," तो म्हणाला. "आपण लढलो नाही. आपल्याला तिथे खुर्ची नाही. आपण इराकला विचारू शकतो. विचारलं. ते नाही म्हणाले."

"मग आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

साहेबाने कप तिच्यापुढे सरकवला. थंड व्हायच्या आत घ्या म्हणाला.

असंच चाललं. माहेरची माणसं हळूहळू म्हणू लागली की सात वर्षं झाली की कायदाही माणसाला मेलेला धरतो, तू गळ्यातलं उतरव. प्रेमलता ऐकून घ्यायची आणि उठून मोगऱ्यात जायची.

शहाण्णव सालच्या गणपतीनंतर एक म्हातारा अरब तिच्या दारात आला. सोबत अँथनी. मुंबईतून टॅक्सी करून आला होता. गुडघ्यांवर इलाज करून घ्यायला हिंदुस्थानात आलोय, असं त्याने सगळीकडे सांगितलं होतं. उंच, वाकलेला, पांढऱ्या झग्याला वाटेतल्या चिखलाची किनार लागलेली.

"हे हरीचे शेठ," अँथनी म्हणाला. "अबू फहद म्हणतात त्यांना. म्हणजे फहदचा बाप. त्यांच्यात मोठ्या मुलावरनंच बापाला हाक मारतात."

मनोरमा आतून बाहेर आली. तिने त्याला नीट पाहून घेतलं. "पोर मिलाला का ह्याचा?"

"नाय आये. ह्यांचापन नाय."

मग तिने बसायला चटई टाकली.

म्हातारा बराच वेळ नुसता केळींकडे बघत बसला. पाणी प्यायला. मग बोलायला लागला, थांबत थांबत, आणि अँथनी आपल्या बेकरीतल्या अरबीला ताण देऊन ते मराठीत सांगत गेला.

बेपत्ता माणसांच्या घरच्यांच्या वतीने अबू फहद त्या बैठकांना बसत असे. मागच्या रांगेत. आणि खरी बोलणी, तो म्हणाला, मोठ्या दालनात होतच नाहीत. त्याआधी जिंकलेले देश आपापसात एका खोलीत बसतात, शत्रूला काय सांगायचं ते ठरवायला. खरी भांडणं तिथे. एकाला इराकचं तेल पुन्हा विकत घ्यायचंय. दुसऱ्याला त्याचा बाजार बंदच ठेवायचाय. तिसरा दोघांकडे बघून मत देतो. लढताना एका तंबूत जेवलेली माणसं आता एकमेकांना कागद दाखवत नाहीत. बेपत्ता माणसांचा विषय निघतो तो दुसऱ्या कुठल्या तरी विषयाचं वजन वाढवायला.

"शेठ म्हणतात, आमची पोरं आता त्यांच्या हातातली पत्त्यांची पानं झालीत. कधी टाकायची, कधी दाबून ठेवायची, ते बघतात."

प्रेमलताला यातलं सगळं कळलं नाही. पण एवढ्या लांब हा माणूस एवढं सांगायला आलेला नाही, हे तिला कळत होतं. "पुढे काय, ते विचारा," ती म्हणाली.

अबू फहदने मान खाली घातली. महिन्याभरापूर्वी, त्याने सांगितलं, इराकने चोरून निरोप पाठवला होता. आमच्या तुरुंगात दोन परदेशी सापडलेत. युद्धकैदी नव्हेत, गुन्हेगार म्हणून आत आहेत. आम्ही त्यांना सोडतो. बदल्यात इराक सहकार्य करतोय, असं तुम्ही सगळ्यांनी लिहून द्या.

अँथनी थांबला. 

"सांगा ना, अँथनीभाऊ."

"वहिनी, त्यातला एक हिंदी आहे. वायरमन."

मनोरमाने दाराची चौकट धरली. जितेंद्र पाण्याच्या पंपावरून आला होता, हातपाय चिखलाने भरलेले, तो अंगणातच खाली बसला. प्रेमलता मात्र सरळ म्हाताऱ्याकडे बघत राहिली. "जिवंत आहेत?"

"अय्वा," म्हातारा मान डोलावून म्हणाला. ते अँथनीला सांगावं लागलं नाही.

पण गोष्ट तिथे संपत नव्हती. इराक सहकार्य करतोय असं एकदा लिहून दिलं की त्याच्यावरचा दाब गेला, मग बाकीचे शेकडो कधीच मिळायचे नाहीत, असं काही देशांचं म्हणणं होतं. सगळे द्या, नाहीतर कोणीच नको. काही म्हणत होते, दोन तर दोन, घ्या. जमेना, तेव्हा ठरलं की बेपत्तांच्या घरच्यांनाच विचारावं. म्हणजे अबू फहदला.

"त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतायत," जितेंद्र म्हणाला.

"शेठ विचारतात," अँथनी म्हणाला, "त्या दोघांत फहद नाय. हरी आहे. त्यांनी काय सांगायचं?"

बावखलावरचा पंप चालूच राहिला होता. त्याची धडधड तेवढी ऐकू येत होती.

"ह्यांच्या पोराला माझ्या माणसाने लपवलं," प्रेमलता म्हणाली. "बस सोडून दिली त्याच्यासाठी. मी काय सांगणार? माझा माणूस आणा म्हणावं. दोन तर दोन."

मनोरमा पुढे आली आणि म्हाताऱ्यासमोर उकिडवी बसली. "तुजा पोर तुना मिलू दे, देव करो. पन माजा पोर मना दे."

अँथनीने ते अरबीत सांगितलं. अबू फहदने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान डोलावली. उठताना त्याला जितेंद्रने आधार दिला. टॅक्सीत बसण्यापूर्वी त्याने एकच गोष्ट बजावली, बैठक होईपर्यंत याची वाच्यता कुठे करू नका. बाहेर फुटलं तर इराक कानांवर हात ठेवील.

ते दिवस प्रेमलताने कसे काढले ते तिलाही नंतर आठवत नसे. हरिश्चंद्रचे कपडे काढून धुतले, उन्हात घातले. रिद्धीला बापाचा फोटो दाखवून सांगितलं, हे असे दिसत नसतील आता, बारीक झाले असतील, तू घाबरू नको. मनोरमा काही न बोलता उपास करायची.

जितेंद्रला मात्र ते सहन होईना. दिल्लीतला तो थंड चहा त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. परक्यांच्या खोलीत आपल्या भावाचा निकाल लागणार आणि आपण तोंड शिवून बसायचं? आपल्या सरकारला कळलं, पेपरात आलं, तर कोणाची टाप आहे नाकारायची? दिवाळीच्या तोंडावर त्याने ओळखीच्या एका वार्ताहराला सगळं सांगितलं. मुंबईच्या सांजवर्तमानपत्रात आतल्या पानावर हरिश्चंद्रच्या फोटोसकट बातमी आली. वसईचा तरुण इराकच्या तुरुंगात जिवंत.

प्रेमलताला ती शेजारणीकडून कळली. तिने पेपर वाचला, घडी केली आणि जितेंद्रसमोर ठेवला.

"भावजी, हे काय केलंत?"

"वहिनी, कोणीतरी ओरडायला नको का?"

आठवडाभराने अबू फहदचा अँथनीकडे फोन आला. बोलणी फिसकटली. इराकने देऊ केलेलं परत घेतलं. अँथनीने विचारलं, पेपरात आलं म्हणून का? पलीकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग म्हातारा म्हणाला, तसंच असेल.

तसंच असेल. तेवढ्यावर घर मोडलं.

मनोरमा त्या दिवसापासून धाकट्या मुलाशी बोलली नाही. त्याने वाढलेलं ताट ती सरकवून ठेवी. जितेंद्र तिच्या पाया पडला, आये, मार मला, पण बोल. ती भिंतीकडे तोंड करून बसली. प्रेमलताने भांडण केलं नाही, पण त्याच्याकडे बघणं तिला जमेना. गावात बायका कुजबुजायच्या, वाडी एकट्याला मिळावी म्हणून मुद्दाम केलं असेल. ते त्याच्या कानावर गेलं तसा तो एक ट्रंक घेऊन निघाला. गोखिवऱ्याला एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या काढायच्या मशीनवर लागला. तिथेच चाळीत खोली घेतली. लग्न केलं नाही. वाडी प्रेमलता आणि विपुल बघू लागले. पानवेली त्यांना जमल्या नाहीत, दोन वर्षांत जळून गेल्या.

२००१ साली मनोरमा गेली. जायच्या आधी तिने प्रेमलताचा हात धरून सांगितलं होतं, त्याचा खांदा मना नको. जितेंद्र खबर मिळताच धावत आला, तर प्रेमलता पायरीवर उभी राहिली.

"आईंनी नको म्हटलंय, भावजी."

तो पायरीखाली उभा राहिला. तिरडी उचलली, रस्त्याला लागली, तेव्हाही तो तिथेच होता. मग सगळ्यांच्या मागून, पुष्कळ अंतर ठेवून, चालत गेला.

दोन वर्षांनी पुन्हा युद्ध झालं आणि इराकचं राज्यच कोसळलं. तुरुंग उघडले. प्रेमलता टीव्हीपुढे बसायची ती आता एकटी. तुरुंगातून कोणी बाहेर येताना दिसलं नाही, उकरलेले खड्डे तेवढे दिसत. मग मुंबईहून माणसं आली आणि सापडलेल्या हाडांशी जुळवून बघायला विपुलचं रक्त घेऊन गेली. २००४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी फोन वाजला. अबू फहदच होता. आवाज इतका बारीक झाला होता की तिने ओळखला नाही. मधल्या वर्षांत शिकलेल्या मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "मिल गया. दोनों मिल गया." आणि रडू लागला. ती फोन धरून उभी राहिली. दोघे सापडले म्हणजे कसे सापडले, हे तिला विचारावं लागलं नाही.

लाकडी पेटीतून हाडं आली. पेटीबरोबर अबू फहदही आला, चाकांच्या खुर्चीत, नातवाच्या सोबतीने. स्मशानात विपुलने अग्नी दिला तेव्हा तो खुर्ची बाजूला ठेवून काठीवर उभा होता. मग सगळे वाडीत परतले. लोक पांगल्यावर पडवीत तो, त्याचा नातू, अँथनी आणि प्रेमलता एवढेच राहिले. रिद्धीने पाणी आणून ठेवलं.

अँथनीच्या हातात पेटीसोबत आलेले कागद होते. त्याने ते विमानतळावरच वाचले होते आणि सकाळपासून तो प्रेमलताकडे बघायचं टाळत होता.

"अँथनीभाऊ, त्यात काय लिहिलंय?"

"काय नाय वहिनी. सरकारी आहे."

"माझ्यापासून लपवायचे दिवस गेले आता."

तेव्हा त्याने सांगितलं. फहद एका मोठ्या खड्ड्यात मिळाला होता, इतरांबरोबर, पहिल्या युद्धाच्या वेळचा. हरिश्चंद्र तिथे नव्हता. तो तुरुंगाच्या मागच्या कबरस्तानात, वेगळा. तुरुंगाच्या दप्तरात त्याच्या मरणाची नोंद होती. क्षयाने. अठ्ठ्याण्णव साल.

प्रेमलता उठली. मग तिने खुर्ची ओढून अबू फहदच्या अगदी समोर घेतली आणि हिंदीत विचारलं, "बाबा, उस मीटिंग में आपको पूछा था. आपने क्या बोला?"

म्हाताऱ्याने नातवाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मैं चुप रहा," तो म्हणाला.

"चुप?"

"हां बोलता तो मेरा फहद गया. ना बोलता तो तेरा आदमी गया. मैं कुछ नहीं बोला. वो लोग ने लिख लिया, घरवाले राजी नहीं. सब चाहिए, या कोई नहीं."  पुढचं तो अरबीत बोलला आणि अँथनीने खाली मान घालून सांगितलं. "म्हणतात, फहद तेव्हा कधीच मेला होता. पाच वर्षं आधी. ते त्याच्यासाठी गप बसले आणि तो नव्हताच."

"बैठक कधी झाली होती?" प्रेमलताने विचारलं.

अँथनीने विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं. अँथनी दचकला, त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं.

"दसऱ्याच्या आसपास, वहिनी." तो प्रेमलताकडे बघू लागला. "पेपरात तर दिवाळीला आलं."

"मग फोनवर का नाही सांगितलं त्यांनी?"

हे अरबीत सांगायची गरज पडली नाही. अबू फहदला कळलं असावं. "तू ने अखबार बोला," तो अँथनीला म्हणाला. "मुझे रास्ता मिल गया."

त्याने तिच्या पायांकडे हात नेला. प्रेमलता उठून उभी राहिली. तिने त्याला हात लावू दिला नाही. विपुल त्या लपलेल्या मुलाच्या जागी असता आणि त्या मागच्या रांगेत आपण बसलेलो असतो तर, असा विचार तिच्या मनात आला. त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, म्हणून तिला म्हाताऱ्यावर ओरडताही येईना आणि त्याला माफही करता येईना. "त्यांना घेऊन जा, अँथनीभाऊ," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने गोखिवऱ्याला गेली. गाळा शोधायला वेळ लागला. आत वितळलेल्या प्लास्टिकचा वास कोंडला होता. जितेंद्र मशीनसमोर उभा होता, साचा उघडला की लाल बादली काढायचा, कडा कापायचा, ढिगावर ठेवायचा. केस सगळे पांढरे झाले होते. तिला बघून त्याने हात पुसले.

"हरीदादाचं कळलं," तो म्हणाला. "काल लांबून आलो होतो. धूर दिसला."

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खोलीतली बोलणी, म्हाताऱ्याचं गप्प बसणं, दसरा आणि दिवाळी. मशीनच्या आवाजात काही शब्द तिला दोनदा बोलावे लागले. जितेंद्र ऐकत होता. साचा उघडून राहिला, बादली आतच निवत गेली, तरी त्याने हात घातला नाही.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं."

"नव्हतं, भावजी."

"आयेला कळलं होतं का हे?"

"त्या आधीच गेल्या ना."

"हां." तो ढिगाजवळच्या स्टुलावर बसला. "आठ वर्षं मी रोज मोजतोय, वहिनी. बातमी दिली नसती तर दादा कधी आला असता, आये काय म्हणाली असती. मला दुसरं काही सुचतच नव्हतं." तो थांबला. "आता काय करू मी याचं?"

 "मी पायरीवर उभी राहिले त्या दिवशी," ती म्हणाली, "ते माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? आयेचं ऐकलंत." त्याने हे रागाने म्हटलं नाही. पण वर बघितलंही नाही.

"परवा सकाळी कळंबला राख सोडायचीय. या."

तो आला. विपुलबरोबर गुडघाभर पाण्यात उतरला, मडकं धरलं, भरतीचं पाणी बघून पोराला कुठे उभं राहायचं ते सांगितलं. रिद्धीने त्याला ओळखलं नाही. तो गेला तेव्हा ती दुसरीत होती. तिने आईला विचारलं, हे कोण? प्रेमलता म्हणाली, तुझे काका. तशी ती पुढे होऊन त्याच्या पाया पडली आणि तो एकदम मागे सरकला, जणू कोणी अंगावर आलं.

परतताना वाडीच्या फाट्यावर सगळे थांबले. प्रेमलता म्हणाली, "चला घरी. भात टाकलाय."

जितेंद्रने वाडीकडे पाहिलं. रस्त्यावरून बावखलाची कड दिसत होती आणि पलीकडे पानवेलींच्या जागी उगवलेलं रान.

"वेली जळल्या?"

"आम्हाला नाही जमल्या."

त्याने मान हलवली. "वहिनी, नाय जमायचं आता. गाळ्यावर पाळी आहे माझी दुपारची."

ती पुन्हा म्हणाली नाही. एस.टी. आली तसा तो चढला. मागच्या बाजूला उभं राहायला जागा होती, तिथे दांडी धरून उभा राहिला. विपुलने विचारलं, "आई, मी जाऊन आणू त्यांना? पुढच्या रविवारी?"

"जा," प्रेमलता म्हणाली. "जाऊन बघ."

मग ती मुलांना घेऊन वाडीत शिरली. भात कधीचा शिजून तळाला लागला होता.